‘बदकाला नासकेही पचते’ या संदेशाला उत्तर

लग्नसराई सुरू झाल्यापासून मराठवाड्यातल्या कोंबड्या-बदके पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. बदकाच्या पोटात खडेही जिरतात, चिखलातली घाण खाऊनच ते जगते, म्हणून पंगतीतला उरलेला आंबूस भात, बुरशी आलेली भाकरी आणि पेंड त्याला खुशाल घालावी, मनात शंका असेल तर उकळून घालावी, आणि पक्षी ठणठणीत असला म्हणजे काळजी नाही, असे त्यात सांगितले आहे. खाद्याचे भाव पाहता हा सल्ला कोणालाही पटण्यासारखा आहे, म्हणूनच त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

बदक खडे गिळते हे खरे, पण ते खडे त्याच्या पोटात जिरत नाहीत. त्याला दात नाहीत, म्हणून पेषणीत साठलेले बारीक खडे जात्यासारखे दाणे भरडतात. जात्याने दाणा भरडला जातो. दाण्यातले विष त्याने निघत नाही.

चिखलाचा मुद्दा जास्त धोक्याचा आहे. बदक चिखलात शोधते ते जिवंत किडे, गोगलगाई आणि कोवळे शेवाळ. सडलेले मांस हा वेगळा प्रकार आहे. मेलेल्या पक्ष्याच्या किंवा माशाच्या शरीरात, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढतो आणि अत्यंत जहाल विष तयार करतो. त्या मांसावरच्या अळ्यांना हे विष बाधत नाही, मात्र ते त्यांच्या अंगात साठते आणि अळ्या म्हणजे तर बदकाचा आवडता घास. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचे शेततळे आटत आले असताना काठावर मरून पडलेली एक कोंबडी उचलायची राहून गेली, आणि तिसऱ्या दिवशी माझी तीन बदके बसल्या जागेवरून उठेनात. हातावर घेतले, तर डोळे अर्धे उघडे, अंग गरम, पण मान ओल्या फडक्यासारखी मनगटावरून खाली घसरत होती. आपण ‘मान टाकली’ म्हणतो, ते या विषबाधेत अक्षरशः घडते. पाण्यात असलेले बदक तर मान वर धरता न आल्याने बुडूनच मरते. सावलीत ठेवून, चोचीत स्वच्छ पाणी थेंबथेंब घालून त्यांतले एक वाचले. लवकर लक्षात आले तर पशुवैद्यकांना बोलवावेच, पण मेलेले जनावर त्याच दिवशी खोल पुरणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे.

उकळण्याबद्दलचे विधान अर्धेच खरे आहे. नीट उकळी दिली तर बोट्युलिनमचे विष नष्ट होते, पण त्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि अन्न पुन्हा कोमट राहिले की रुजतात. शिळ्या भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष तर उकळूनही जात नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42 अंशांवर जातो, तेव्हा सकाळचा भात दुपारपर्यंत बुळबुळीत होतो, हे वेगळे सांगायला नको.

बुरशीच्या बाबतीत उकळणे पूर्णच निरुपयोगी आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले आणि कारण कळेना, म्हणून त्या रोगाला ‘एक्स’ असेच नाव पडले. त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढली होती आणि तिने अफ्लाटॉक्सिन हे विष सोडले होते. हे विष बदकाच्या पिल्लांना इतके लवकर बाधते, की खाद्यात ते आहे का हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ एक दिवसाच्या पिल्लांनाच ते खाऊ घालून त्यांचे यकृत तपासत असत. म्हणजे ज्या पक्ष्याला ‘काहीही पचते’ असे संदेशात म्हटले आहे, तोच या विषाला सर्वांत हळवा आहे. पेंडीची ढेप फोडल्यावर आत हिरवट-पिवळी भुकटी दिसली, किंवा काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी कुबट वास मारू लागली, तर वरची बुरशी झटकून उपयोग नाही, कारण विष डोळ्यांना दिसत नाही आणि 100 अंशांच्या उकळीलाही ते दाद देत नाही.

उरलेले अन्न घालूच नये, असे माझे म्हणणे नाही. त्याच दिवशीचा, मीठ-मसाला नसलेला भात, मेथीच्या काड्या, काकडीच्या साली बदके आनंदाने खातात. लोणचे, ठेचा आणि खारट रस्सा मात्र टाळावा. ओले खाद्य दोन-तीन तासांत संपेल एवढेच द्यावे आणि उरलेले उचलून घमेले घासून ठेवावे, कारण बदक प्रत्येक घासागणिक चोच पाण्यात बुडवते आणि पाण्याचे भांडेही तेवढ्याच लवकर आंबते.

राहिला ठणठणीत दिसण्याचा मुद्दा. साल्मोनेला हा जिवाणू बदकाच्या आतड्यात महिनोन्‌महिने राहूनही पक्ष्यावर काही दिसू देत नाही, पण विष्ठेतून आणि अंड्यातून तो घरात येतो. म्हणून आमच्याकडे बदकाचे अंडे पांढरा आणि पिवळा दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत उकडले जाते, आणि पिल्लांशी खेळून आलेल्या नातवाला साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू देत नाही.