लिफ्टमधलं नेटवर्क ही चैन नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिफ्टमधल्या मोबाइल नेटवर्कवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतकी वर्षं सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळलेल्या माणसानं प्रत्येक रुपयाचा हिशेब मागावा, हे रास्तच आहे. तुमचे मुद्दे थोडक्यात असे : लिफ्टचा प्रवास मिनिटभराचा, तेवढ्यासाठी सभासदांच्या खिशात हात कशाला? कोणी अडकलंच तर इंटरकॉम आणि एआरडी (वीज गेल्यावर लिफ्ट बॅटरीवर मजल्यापर्यंत आणणारं यंत्र) आहे. अगदीच हवं असेल तर ऑनलाइन मिळणारा चार-पाच हजारांचा, मोबाइल सिग्नल वाढवणारा बूस्टर गच्चीवर लावला की झालं. आणि बंद केबिनमध्ये अँटेना म्हणजे मुलांवर किरणोत्सर्ग. जाता जाता तुम्ही हेही सांगितलंत की तुमच्या चौदा मजली इमारतीच्या दोन्ही लिफ्ट यंदा बदलायच्या आहेत. माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रतिक्रियेतली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच.

मिनिटभराच्या प्रवासात कोणाला व्हिडिओ पाहता यावा म्हणून मी हे लिहिलेलं नाही. प्रश्न लिफ्ट मध्येच थांबते तेव्हाचा आहे. एआरडी वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणतं, हे खरं. पण दाराचं लॉक किंवा सेफ्टी सर्किटमधला एखादा स्विच तुटलेला असेल, तर एआरडी लिफ्ट हलवत नाही आणि हलवूही नये. म्हणजे बिघाड खराखुरा असतो तेव्हा एआरडीचा उपयोग नसतो. उरला इंटरकॉम. तो वाजतो वॉचमनच्या केबिनमध्ये. रात्री वॉचमन एकच, तो पंप बंद करायला मागे गेलेला असतो नाहीतर गेटवर असतो. खरखर येते म्हणून रिसीव्हर उचलून बाजूला ठेवलेला मी अनेक केबिनांत पाहिला आहे. बॅटरी उतरलेली असते आणि ते कळतं कोणी अडकल्यावरच. अशा वेळी आत कोण असतं? पहाटे कामाला आलेल्या मावशी, पार्सल घेऊन आलेला मुलगा, शाळेतून एकटं परतलेलं पोर. त्यांच्या हातातला फोन हे त्यांचं शेवटचं साधन आहे, आणि 112 लावायलाही सिग्नल लागतोच.

आता बूस्टरचं. हा मात्र मी सोडून देऊ शकत नाही, कारण या सल्ल्यानं नुकसान होतं. परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कोणीही बूस्टर बाळगणं, विकणं किंवा लावणं बेकायदा आहे. 2022 मध्ये दूरसंचार विभागानं तसं जाहीरपणे बजावलं होतं. ऑनलाइन मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही. शिवाय हा नियम नुसता कागदी नाही. बूस्टरची बाहेरची अँटेना टॉवरचा सिग्नल घेते आणि आतली तो वाढवून सोडते. दोन्हींमध्ये पुरेसा आडोसा नसेल तर आतला सिग्नल पुन्हा बाहेरच्या अँटेनात शिरतो आणि यंत्र स्वतःच्याच आवाजावर किंचाळायला लागतं, माइक स्पीकरसमोर धरल्यावर होतं तसं. ती किंचाळी टॉवरपर्यंत पोचते आणि आसपासच्या इमारतींचे कॉल बिघडवते. एवढं करून गच्चीवरच्या बूस्टरचा सिग्नल लिफ्टमध्ये शिरतच नाही.

का शिरत नाही, ते तुम्ही स्वतः पाहू शकता. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#4636#*#* डायल केलं की सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो, आणि शून्यापासून जितका दूर तितका सिग्नल कमी. लॉबीत उणे 88 दिसत असेल, तर दार मिटता मिटता तो उणे 110 च्या पलीकडे जातो आणि दोन-तीन मजल्यांत फोन ‘नो सर्व्हिस’ म्हणतो. दर 10 आकड्यांमागे सिग्नल दहापट घटतो, म्हणजे दार मिटण्याच्या तीन-चार सेकंदांत तो शंभरपटीहून जास्त पडला. आरसीसीचा शाफ्ट (लिफ्ट ज्यातून वरखाली जाते ती उभी पोकळी) आणि त्यात स्टीलची केबिन, दुसरं काय होणार? कॉल तुटतो तोही बहुधा याच क्षणी. लॉबीचा सेल, म्हणजे एका अँटेनाच्या सिग्नलचा टापू, सोडून शाफ्टमधला दुसरा सेल पकडायला फोनला वेळच मिळत नाही. म्हणून जाणकार डिझाइन करताना शाफ्ट आणि लिफ्टसमोरची लॉबी एकाच सेलवर ठेवतात.

सिग्नल आत न्यायचे मार्ग मोजकेच. शाफ्टच्या माथ्यावर खाली तोंड केलेली अँटेना लावायची, शाफ्टभर गळती केबल (आपल्या लांबीभर सिग्नल थोडाथोडा बाहेर सोडणारी) सोडायची, किंवा सिग्नल थेट केबिनपर्यंत न्यायचा. पहिल्या दोन मार्गांत केबिनचा पत्रा पार करायचं काम उरतंच. उंच इमारतींत एकट्या माथ्यावरच्या अँटेनावर माझा भरवसा नाही. केबिनमध्ये वाय-फाय लावून वाय-फाय कॉलिंग करता येतं, पण पासवर्ड नसलेल्या मावशींना त्याचा काय उपयोग? म्हणून माझा आग्रह मोबाइल कंपन्यांनी मिळून वापरायच्या सामाईक अँटेना-जाळ्याचा आहे. ते एकाच कंपनीचं असेल तर निम्म्या इमारतीला फायदा नाही.

किरणोत्सर्गाची तुमची काळजी मला कळते, पण इथे गणित उलटं आहे. सिग्नल क्षीण असला की फोन आपली ताकद वाढवतो. 4जी फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॉटपर्यंत जातो, तोही कानाला लावलेला. जवळ अँटेना असेल तर तोच फोन काही मिलिवॉटवर, कधी त्याहूनही कमीवर भागवतो.

राहिला खर्च. तुमच्यापुरता तो आत्ता सगळ्यात कमी आहे. चालू लिफ्टमध्ये नंतर काही घालायचं म्हटलं की लिफ्ट बंद ठेवा, एएमसीवाल्याची, म्हणजे देखभालीच्या कंत्राटदाराची, परवानगी काढा आणि त्याची ना-ना ऐका. ती नुसती अडवणूक नसते, कारण शाफ्टमध्ये लिफ्टशी संबंध नसलेल्या वायरी नकोत हा सुरक्षेचा दंडक आहे. नवी लिफ्ट मागवताना मात्र केबिनबरोबर वरखाली जाणाऱ्या ट्रॅव्हलिंग केबलमध्येच शील्ड (बाहेरचा विद्युत त्रास अडवणारं आवरण) असलेली कॅट-6 डेटा केबल आणि अँटेनाचा सिग्नल नेणारी एक कोअॅक्स केबल घालून घ्या. शील्ड हवीच, शेजारच्या मोटरच्या वायरींचा त्रास होतो. केबिनच्या छतावर उपकरणासाठी जागा आणि लिफ्टच्या इमर्जन्सी बॅटरीवरून वीज मागा. वीज गेली की नेटवर्कही गेलं, असं होता कामा नये. इंटरकॉमची रिंग वॉचमनबरोबरच कमिटीतल्या दोघांच्या मोबाइलवर जावी अशी सोय मागा. आणि हे सगळं तोंडी नको, कोटेशनमध्ये आणि वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. मोबाइल कंपन्यांना पत्र पाठवायला सर्वसाधारण सभेच्या ठरावाची वाट पाहू नका, कमिटीच्या लेटरहेडवर आजच पाठवा. ट्रायनं (दूरसंचार नियामक प्राधिकरणानं) 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून रेटिंग देण्याचे नियम काढलेत, त्यांचा उल्लेख पत्रात जरूर करा. हवं असेल तर कोटेशन हातात आल्यावर त्यातला तांत्रिक भाग इथेच खाली टाका, मी ओळ न् ओळ तपासून देईन.