होतकरू लेखिका घडवताना

दादरला घर, घरात पुस्तकांची पाच कपाटं आणि निवृत्तीनंतरचे रविवार मोकळे असतील, तर वस्तीतली एखादी होतकरू लेखिका घडवायला घ्या. याला हल्ली मेंटॉरिंग म्हणतात. पूर्वी 'हात धरणं' म्हणायचे, पण त्यात खरोखर हात धरावा लागे आणि आपल्याकडे तोच तर प्रश्न होता.

बैठक रविवारी अकराला ठेवा. हार्बरच्या लोकलवर बहुधा मेगाब्लॉक असतो. गोवंडीची मुलगी दोन बस बदलून, घामाघूम होऊन पाऊण तास उशिरा आली, की वक्तशीरपणावरचं तुमचं नेहमीचं व्याख्यान वाया जात नाही. चहा द्या. मानधनाचा विषय मात्र काढू नका. संस्थेकडून तुम्हाला मिळतं ते मानधन, तिला मिळते ती संधी.

आता तिची कथा. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारतीत लिफ्ट बंद पडलीय, गॅसचा सिलिंडर चौथ्या मजल्यावर अडकलाय आणि तो वर कोणी न्यायचा यावरून दोन जावांचं कडाक्याचं भांडण चाललंय. वाचताना तुम्ही दोनदा मोठ्याने हसाल. लगेच सावरा. चष्मा काढून, आवाज खाली आणून विचारा, "पण बाळ, यात तुझी वेदना कुठे आहे?" ती म्हणेल, "सर, सिलिंडर पायावर पडतो ना शेवटी." ही वेदना चालत नाही. आजीचं विचारा. आजीने काहीतरी सोसलेलं असणारच, तेवढं काढून घ्या. प्रेम, भुतं, खून, विनोद हे विषय पार्ल्याच्या मुलांसाठी राखीव आहेत. (हे आरक्षण कुणाला खुपत नाही.)

भाषेचं जरा जपून. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहाला १९७२ साली विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा ते ढसाळांबरोबर कवितांतल्या त्या वेश्यावस्तीत फिरले, अडलेल्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले. एवढा मोठा नाटककार, आणि आपल्याला कळत नाही हे चक्क छापून मोकळा! तुम्ही असला कमीपणा घेऊ नका. न कळलेल्या शब्दाभोवती लाल गोल काढा, समासात 'प्रमाण?' लिहा. 'आनि'चं 'आणि' करा. सगळं शुद्ध झालं की म्हणा, "मातीचा गंध हरवला गं," आणि चार शिव्या परत घालायला सांगा. कुठल्या, तेही तुम्हीच सुचवा.

भाषणात अण्णा भाऊ साठे हवेतच. दीड दिवस शाळेत गेले, हे सांगितलं की सभागृह हळहळतं. चिरागनगरच्या झोपडीत राहणाऱ्या या माणसाला मेंटॉर कोण होता, असं मागच्या रांगेतून कुणी विचारलं तर घड्याळाकडे बघा. पुढच्या सत्राची वेळ झालेलीच असते.

पुस्तक निघेल तेव्हा प्रस्तावना तुमची, मलपृष्ठ तुमचं, मागे शब्दार्थांची यादी. मनोगतात तिने तुमचे आभार नुसत्या आडनावाने मानले असतील, तर मुद्रितं थांबवा.

एखाद्या रविवारी ती बोलावल्याशिवाय येईल, तीही वेळेवर. हातात नवी कथा. दादरचे एक निवृत्त प्राध्यापक, पाच कपाटं, लाल पेन. दोन पानांतच तुमच्या कानाच्या पाळ्या गरम होतील. चष्मा काढा. तिला सांगा, विनोद हा फार अवघड प्रकार आहे, त्यापेक्षा आजीवर लिही.