कॉपरनोज की हायब्रिड? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या आमच्या तळ्यातल्या ज्या माशाला मी माझ्या लेखात कॉपरनोज ब्लूगिल (ब्लूगिल माशाचाच तांबूस कपाळाचा एक प्रकार) म्हटलं तो सरळसरळ हायब्रिड, म्हणजे ब्लूगिल आणि त्याचा भाऊबंद ग्रीन सनफिश यांचा संकर आहे, आणि हायब्रिड वांझ असतात म्हणून तळ्यातली पिल्लं त्याची असूच शकत नाहीत.

नावाच्या बाबतीत मी घाई केली हे मान्य. कपाळावरचा तांबूस पट्टा बघितला आणि कॉपरनोज लिहून मोकळा झालो, पण घरटं राखणाऱ्या साध्या ब्लूगिल नराचं डोकंही कधीकधी तसं तांबूस दिसतं, त्यामुळे नुसत्या रंगावर जायला नको होतं. पण मग हायब्रिड तरी कशावरून? शनिवारी त्याच कोपऱ्यात गळ टाकून सहा मासे काढले आणि एकेक नीट बघितला. सगळ्यांची तोंडं बारीक, जबडा डोळ्याच्या अलीकडेच संपतो, कल्ल्यामागचा पर लांब टोकदार, पुढे दुमडला की डोळ्याच्याही पुढे जातो. ग्रीन सनफिशचं तोंड चांगलं मोठं, जबडा डोळ्याच्या मध्यापर्यंत येतो, तो पर आखूड गोलसर आणि बाकीच्या परांना पिवळट कडा. हायब्रिड या दोघांच्या मधला दिसतो, आणि माझ्या सहापैकी एकही तसा नाही. म्हणून लेखात आता फक्त 'ब्लूगिल' असं केलंय, कॉपरनोजचं नक्की सांगायला डीएनए टेस्टच लागेल.

वांझपणाचं मात्र अजिबात पटत नाही, आणि ते वाचून कुणी तळ्यात हायब्रिड सोडले तर नुकसान होईल म्हणून एवढं लिहितोय. ब्लूगिल नर आणि ग्रीन सनफिश मादी यांच्या पिल्लांत साधारण 80 ते 95 टक्के नर निघतात, माद्या कमी म्हणून वीण कमी, त्यातून हा वांझपणाचा समज झाला असावा. पण हे हायब्रिड पिल्लं देऊ शकतात, आपसातही आणि तळ्यात आधीपासून असलेल्या ब्लूगिल माद्यांबरोबरही! पुढच्या पिढीत पहिल्या पिढीची ती जोरदार वाढ राहत नाही, बरेचसे ग्रीन सनफिशच्या वळणावर जातात, आणि त्यांना खाणारे बास (मोठे शिकारी मासे) तळ्यात नसले तर बारक्या माशांनी तळं भरून जातं.

तुमच्याकडच्या हायब्रिडचा फोटो जरूर पाठवा, फक्त मासा बाहेर काढल्या काढल्या काढा, बादलीत ठेवला की रंग बदलतो, आणि पर पसरलेला दिसू द्या.