कळवू म्हणालेत

अमेरिकेत मेडिकलला अर्ज केलाय, हे नातेवाइकांना सांगणं सोपं. पुढचं समजावणं महाकठीण. आत्याचा दर फोनवरचा प्रश्न ठरलेला: "लिस्ट कधी लागणार?"

आत्या, इथे लिस्ट लागत नाही. इथे एमकॅट नावाची परीक्षा असते, तिच्यात सगळं चुकलं तरी 472 मिळतात. (हे ऐकल्यापासून आत्याने माझ्या मार्कांचं कौतुक बंद केलंय.) मग डॉक्टर का व्हायचंय ते 5,300 अक्षरांत लिहायचं, त्यात दोन शब्दांमधली मोकळी जागाही मोजतात. मग बऱ्याच कॉलेजांचे आणखी निबंध. आणि मग नुसतं बसायचं. मुलाखतीचं बोलावणं ऑगस्टमध्ये येऊ शकतं, फेब्रुवारीत येऊ शकतं, किंवा येतच नाही. त्यात बहुतेक ठिकाणी मुलाखती होतील तसतशा जागा भरत जातात. 15 ऑक्टोबरपासून काहींच्या हातात प्रवेशाची पत्रंही पडतात. तरी आपण म्हणे शांत राहायचं.

कॉलेजं मेल पाठवत नाहीत असं नाही. फोन थरथरतो, पडद्यावर एवढंच दिसतं: 'तुमच्या अर्जाबाबत महत्त्वाची…' पुढची अक्षरं कापलेली. मी ओले हात पुसते, खुर्चीत ताठ बसते (का, कोण जाणे) आणि उघडते. शनिवारी रात्री पोर्टल देखभालीसाठी बंद राहील. ज्या पोर्टलवर उन्हाळ्यापासून 'अर्ज पूर्ण' या दोन शब्दांपलीकडे काही हललं नाही, ते बंद राहून कुणाचं अडणार होतं? माझं. शनिवारी रात्री जाऊन बघितलं, खरंच बंद होतं.

अनुभवी मंडळी सांगतात, मन रमव, एखादा छंद लाव. होते की छंद! सगळे अर्जात भरून टाकले, प्रत्येकी 700 अक्षरांत. आता नवे आणू कुठून?

काही कॉलेजं मधल्या काळात नवं काय केलं हे कळवणारं पत्र चालवून घेतात. काही बजावतात, पाठवू नका. चालवून घेणाऱ्या एका कॉलेजला मी लिहिलं: प्रयोगशाळेतलं काम, दवाखान्यातली सेवा, तुमच्याकडेच शिकायची इच्छा वगैरे. पाठवण्याआधी आईला फोनवर अर्थ सांगत वाचून दाखवलं. आईने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "छान झालंय. शेवटी तेवढं 'कळावे, लोभ असावा' टाक."

तेवढी अक्षरं उरली नव्हती.