लाइट गेली की 'नायट्रो' उलटा लटकतो म्हणे!

सहलीचे दिवस आले की लातूरकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या गल्लीतल्या काकांनी टाकला. मजकूर असा: 'खोपोलीचं इमॅजिका हे देशातलं पहिलं मनोरंजन उद्यान. त्यातला नायट्रो हा रोलर कोस्टर जगात सगळ्यात उंच. लाइट गेली की गाडी उलटी लटकते, मग माणूस नुसत्या पट्ट्यावर. सगळं २०१३ला एका दमात बांधलं, आता परदेशी कंपनीला विकलं. हृदयविकार असणाऱ्यांनी बसू नये.'

काका, पहिलं तर सोडाच. दिल्लीत अप्पू घर १९८४ला सुरू झालं, मुंबईत गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ला. उंचीचंही तसंच. नायट्रो सुमारे ४० मीटर, ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटा. आपल्याकडं हे थोडं नाही, पण अमेरिकेत न्यू जर्सीला २००५ सालीच १३९ मीटरचा 'किंगडा का' उभा राहिला होता.

आता लाइटचं. लोडशेडिंग भोगलेल्या माणसाला ही भीती वाटणारच. पण नायट्रोच्या डब्यांना इंजिन नसतंच. साखळी त्यांना पहिल्या चढावर ओढून नेते, तिथं वीज लागते. माथ्यावर साखळी सुटली की पुढचा सगळा प्रवास उताराच्या जोरावर. त्या वेळी वीज गेली तरी गाडी वळणं पुरी करून ब्रेकपर्यंत येते, आणि हे ब्रेक वीज गेल्यावर उघडत नाहीत, आवळलेलेच राहतात. चढावरच गेली, तर मागं घसरू न देणारा खटका डबे जागीच धरतो. मग कर्मचारी जिन्यानं उतरवून घेतात. क्वचित वेग कमी पडून गाडी अडकलीच, तर बहुधा सखल भागात. माळेगावच्या यात्रेतल्या आकाशपाळण्याची लाइट गेली तर वरच्या पाळण्यातला माणूस वरच राहतो. काकांनी बहुतेक तेच चित्र इथं चिकटवलंय.

पट्ट्याचं म्हणाल, तर पाण्याची बादली हातात धरून गरकन फिरवा. वर गेली तरी पाणी सांडत नाही. मोठ्या लूपच्या, म्हणजे गाडीला उलटं फिरवणाऱ्या उभ्या वळशाच्या, माथ्यावर वेग पुरेसा असला की माणूस असाच आसनात दाबला जातो. आधुनिक लूप पूर्ण गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा असतो. १८९५च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर गोल लूप करून पाहिला, तर लोकांच्या माना आखडल्या. पिळाच्या वळणात मात्र खांद्यावरचा बार जाणवतो, ते खरं. तो कुलूपबंद असतो, आपल्या हातानं उघडत नाही.

'एका दमात' तर मुळीच नाही. पार्क २०१३ला, वॉटर पार्क २०१४ला, स्नो पार्क २०१६ला. आणि ती 'परदेशी कंपनी' म्हणजे संगमनेरचा मालपाणी समूह, ज्यांनी २०२२ला इमॅजिकाचा ताबा घेतला! काका, शिर्डीला दर्शन झाल्यावर नातवंडांना ज्या वॉटर पार्कला नेलंत, तेही याच मालपाणींनी उभारलेलं.

राहिलं शेवटचं वाक्य. ते खरंय. हृदयविकार, पाठीचं दुखणं, गरोदरपण असेल तर बसायचं नाही, उंचीची अटही असते. पाचवीतल्या पोरांची उंची घरूनच मोजून पाठवा. गेल्या वर्षी रांगेत तासभर उभं राहून दोघं दारातून रडत परत आले होते.