पापाचे वाटे

मटण खाणं नैतिक की अनैतिक, हा प्रश्न कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला पडू नये अशी चोख व्यवस्था आपल्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे. तरी एखाद्याला पडतोच. बहुतेक वेळा रविवारी सकाळी, रांगेत, पुढं अकरा माणसं असताना. तुमचं तसं झालं तर घाबरू नका. सांगतो तसं वागा, दुपारी साडेबारापर्यंत उतार पडेल.

आधी कुठं बघायचं नाही ते शिकून घ्या. दुकानाच्या कडेला खांबाला एक बोकड बांधलेला असतो. त्याच्यापुढं सुबाभळीचा पाला पडलेला असतो. तो खालचा जबडा आडवा फिरवत चघळतो, मधेच थांबतो आणि मान लांब करून तुमच्या हातातला डबा हुंगतो. आपल्यासाठी काहीतरी आणलंय असं त्याला वाटतं. मागच्या रविवारी त्यानं माझ्या डब्याचं झाकण चाटलं. जीभ खरखरीत असते. अशा वेळी मोबाईल काढावा आणि गॅसचं बिल भरून टाकावं. कत्तलखान्यांच्या २००१ च्या नियमांत लिहिलंय की एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसरं कापू नये. म्हणजे बघून जनावराला त्रास होतो हे सरकारला मान्य आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांची सोय मात्र नियमांत नाही, ती ज्याची त्यानं करायची.

नंबर आला की पटकन भाषा बदला. ‘अण्णा, कोवळ्या पालव्याचं द्या, नळ्या जरा जास्त, चरबी नको’ एवढं म्हटलं की बोकड संपतो आणि स्वयंपाक सुरू होतो. तरीही मन खात असेल तर दराचा विषय काढा. २०१९ च्या अखेरीला मटणाचे दर चढले तेव्हा या शहरानं आंदोलन केलं, बैठका घेतल्या, मटणावर बहिष्कार टाकला. कोल्हापूरच्या बोकडांच्या वाट्याला एवढी अहिंसा एरवी कधी आली असेल असं वाटत नाही, आणि ती आली किलोमागच्या रुपयांवरून. दर ठरला, अहिंसा मागं घेतली.

यापेक्षा टिकाऊ औषध म्हणजे वार. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर संकष्टी आणि एकादशी. ‘आज वार हाय’ असं म्हणत आठवड्यातले तीन दिवस तुम्ही गांधीजींच्या पंगतीला बसता. उरलेल्या चार दिवसांचा हिशेब कोण मागतो? आषाढ तर बघण्यासारखा. एकादशीला टाळ वाजवत, प्रतिपंढरपूर म्हणतात त्या नंदवाळपर्यंत चालायचं, पायाला फोड आणायचे. मग मंगळवार-शुक्रवार गाठून पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेकडीवरच्या त्र्यंबोली देवीला घालायचं आणि गल्लीत वर्गणीच्या मटणाचे वाटे करायचे. मग श्रावण. एका महिन्यात वारकरी होऊन, आखाड करून, पुन्हा सात्त्विक व्हायला वेळ उरतो. प्रश्न विचारायला उरत नाही.

पण समजा जेवताना कुणी पाहुणा वाद घालायला बसलाच. पुण्याहून आलेला भाचा असतो, नुकतंच दूधसुद्धा सोडलेला. त्याच्यासाठी ‘जीवो जीवस्य जीवनम्’ तोंडपाठ ठेवा. मात्र एवढंच म्हणायचं, मागचं म्हणायचं नाही. हे भागवताच्या पहिल्या स्कंधात आहे. धृतराष्ट्र घर सोडून गेल्यावर शोक करणाऱ्या युधिष्ठिराला नारद ते ऐकवतात, आणि त्याच श्लोकात आधी आहे की हात नसलेले हे हातवाल्यांचं अन्न, लहान हे मोठ्यांचं. दुःखातल्या माणसाची समजूत घालायला सांगितलेलं हे, पंगतीत वाढायला नव्हे. शिवाय पूर्ण श्लोक तुमच्या साहेबाच्या कानावर गेला तर सोमवारी तो तुमच्यावरच वापरेल.

‘वनस्पतींनाही जीव असतो’ हे दुसरं हत्यार. इथं जगदीशचंद्र बोस यांचं नाव घ्यायचं आणि लगेच भाकरी मोडायची. थांबलात तर भाचा विचारणार, ‘मामा, मग बोकड काय वारा खाऊन वाढला?’ जन्मभर त्यानं खाल्लेल्या पाल्याचा जीव तुमच्याच खात्यावर चढतो. हे हत्यार उलटं फुटतं, म्हणून भाकरीबरोबर वापरावं.

खरा जोर हल्ल्यात आहे. समोरचा दूध पिणारा शाकाहारी असेल तर त्याला संध्याकाळी गंगावेशीत न्या. म्हैस उभी असते, समोरच धार काढतात, फेसाळ ग्लास हातात येतो. त्याचा ग्लास अर्धा झाला की हळूच विचारा, ‘हिचं रेडकू कुठंय?’ रेडी असेल तर उद्याची म्हैस. रेडा असेल तर? ना त्याला दूध, ना शेतात फारसं काम. १९७६ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गाय वाचवली, २०१५ पासून बैल आणि वळूही वाचवले. रेडा त्या बंदीच्या बाहेर राहिला. ज्ञानेश्वरांनी वेद वदवून घेतले तेव्हाच त्यानं वशिला लावून घ्यायला हवा होता. मग नजर पाहुण्याच्या पायांकडे वळवा. कोल्हापुरी चप्पल, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, करकर वाजणारी. ती काय झाडाला लागते?

पाहुणा गप्प होईल. तुम्ही जिंकलात. फक्त त्या रात्री एक बारीक शंका येते की त्याचं रेडकू दाखवलं म्हणून आपला बोकड कुठं जिवंत झाला? यावर पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी घ्यावी. गरमच असावी, गार झाला की खोबऱ्याच्या दुधाचा तवंग धरतो आणि शंका वाढते.

शाकाहारी वाचकांनी हसू नये, त्यांच्यासाठीही सल्ला आहे. फ्लॅट भाड्यानं देताना ‘नॉनव्हेज चालणार नाही’ हे वाक्य आधी बोलावं, आडनाव त्यानंतर विचारावं, म्हणजे दया बोकडाची वाटते. ज्यांना मुंगीवर पाय पडला तर वाईट वाटतं, अशा लोकांनी दोन लेकरांच्या बाईला दारातून परत पाठवलेलं मी पाहिलंय.

आता ललिता पंचमीचं. अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि तुकड्यासाठी झुंबड उडते. तो कोहळा म्हणजे कोल्हासुर. साक्षात राक्षसाच्या जागी देवीला कोहळा चालतो, मग रविवारी आपल्याला का चालू नये, असं घरात कुणी म्हणालं तर त्याला प्रेमानं गप्प करा. राक्षस वेगळा, रविवार वेगळा.

शेवटचा इलाज जालीम आहे, पण मनूचा आहे. शाहू महाराजांच्या गावात मनूचं नाव घेऊ नये, औषधापुरतं घेतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, ५१ व्या श्लोकात, प्राण्याच्या घातकांची यादी आहे: संमती देणारा, अंग तोडणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. (पाच श्लोक पुढं ‘मांस खाण्यात दोष नाही’ असंही आहे. तेवढंच कापून फ्रेम करा, त्याच श्लोकातलं ‘न खाण्याचं फळ मोठं’ फ्रेमबाहेर ठेवा.) आता हे आठ. भोळा माणूस समजतो की प्रत्येक जण पुरता खुनी. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्ही वाटे करायचे. एका बोकडाचं पाप आठांत, त्यात तुमच्या वाट्याला येणार किती? नळीसुद्धा नाही.

आमच्या घरी हे वाटे नीट पडलेले होते. बाबा आणायचे, आई वाढायची, आज्जी शिजवायची. आज्जी माळकरी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातले सुमारे ८३ पुरुष मांस-मासे खाणारे निघाले, बायका ७१. मधल्या या बाराएक जणी कुठं असतात ते मला लहानपणापासून माहीत आहे, चुलीपाशी. आज्जी तीळ-खसखस भाजायची, पाट्यावर खोबरं वाटायची, तांबड्यावर कट यायला लागला की तुळशीची माळ पदराआड सरकवून पातेल्यावर वाकायची आणि नुसत्या वासावर मीठ ओळखायची. एका थेंबाची चव तिनं कधी घेतली नाही. खात्री करायला मला हाक मारायची.

‘ये रं, मीठ बघ. पाप तुला, हात माझा.’

मी आठ वर्षांचा असेन. फुंकर मारून पळी रिकामी केली, मीठ बरोबर होतं, आणि नक्की कळलं नाही असं सांगून पळी परत पुढं केली.