रकाना बदलला की काय काय बदलतं

शाहूवाडी-गगनबावड्याकडं कुणाच्याही बांधावर बांबूचं बेट दिसतं. शास्त्राच्या हिशेबात बांबू गवत, आपल्या उसाच्याच कुळातला. पण 1927 च्या वन कायद्यानं त्याला झाडांत बसवलं. मग काय, ट्रॉलीत ऊस भरला तर तो शेतमाल, आणि त्याच शिवारातला बांबू भरला की तोडीची परवानगी कुठाय, वाहतुकीचा पास कुठाय! 2017 साली केंद्रानं झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला. जंगलातला बांबू वनखात्याकडंच राहिला, बांधावरचा मोकळा झाला. बेट तेच, कोयताही तोच.

म्हणून कुणी 'हे नुसतं कागदावरचं आहे' म्हणालं की मला पटत नाही.

2006 साली प्लूटोला बटुग्रह ठरवलं, त्याचं त्याला काहीच नाही. माणसाला मात्र फरक पडतो. 2017 मध्येच अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी उच्च रक्तदाबाची रेघ 140/90 वरून 130/80 वर आणली. रात्री निरोगी झोपलेली कितीतरी माणसं सकाळी पेशंट म्हणून उठली. (तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी मागणाऱ्यांनी इकडं लक्ष द्यावं.)

सगळ्यात वाईट रकाना 1871 चा. इंग्रजांनी अख्ख्या जमातीच 'गुन्हेगार' ठरवल्या. पोर जन्मलं तेच संशयित. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली सरकारदरबारी हजेरी लावायची सक्ती बंद केली. देशातला कायदा जायला 1952 उजाडलं, तेव्हा कुठं ही माणसं 'विमुक्त' झाली. तरी आजही गावात चोरी झाली की आधी पालावरच्या माणसांकडं बोट जातं. सरकारी यादीतून नाव काढणं त्या मानानं सोपं होतं.

आणि आपल्या कोल्हापूर शहराची हद्दवाढ? 1972 ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्द आहे तिथंच आहे. पाचगाव, उचगाव, कळंब्याची मंडळी विरोध करतात, तर शहरातले म्हणतात, 'केएमटीची बस पाहिजे, पाणी पाहिजे, घरफाळा तेवढा नको!' मी हद्दवाढीच्या बाजूचा आहे. पण गावाचं शहर झालं की घरफाळ्याची पावती लगेच येते आणि ड्रेनेजची लाईन कधी येणार ते कुणी सांगत नाही, हे गाववाल्यांचं म्हणणं खोटं नाही. आधी कुठल्या वर्षी काय देणार ते लिहून द्या, मग सात-बारा जाऊन प्रॉपर्टी कार्ड आलं तरी लोक कुरकुरणार नाहीत. नाहीतर पुढच्या निवडणुकीत परत तेच मोर्चे, तेच गावबंद.